अर्धा अंश

"आली रेषा. थांबली. आता माघारी फिरतीय," दुर्बिणीला डोळा लावून गौतमी पुटपुटली. तिनं लोलक केसभर मागे घेतला, स्क्रू आवळला. "हितंच. वाच, स्नेहल."

काळे कागद चिकटवलेल्या खोलीत सोडियमच्या दिव्याचा पिवळा उजेड तेवढा होता. कॉलेजात चालू अवस्थेतला स्पेक्ट्रोमीटर एकच, म्हणून वर्षभर मुली जोडीनं प्रयोग करत. एकीनं बघायचं, दुसरीनं मोबाइलच्या उजेडात चकतीवरचे अंश वाचायचे. बघणारीचे डोळे दिपले तर रेषा पुन्हा सापडायला वेळ लागे, म्हणून तिनं चकतीकडे वळायचं नाही. परीक्षेतही तीच रीत होती.

स्नेहल वाकली. छोट्या पट्टीवरची शून्याची रेघ चकतीवरचे अडतीस ओलांडून, पुढची अर्ध्या अंशाची खूणही ओलांडून गेली होती. तिथून पुढे बारा मिनिटं; म्हणजे अर्ध्या अंशाची तीस आणि ही बारा, बेचाळीस. तिनं ते नीट पाहिलं.

कॉम्प्युटर शाखेत एक जागा रिकामी होती. सिव्हिलच्या पहिल्या वर्षात जी पहिली येईल तिला ती मिळणार होती. गौतमी तीन गुणांनी पुढे होती, स्नेहल तिच्या मागे, आणि आजचं प्रात्यक्षिक शेवटचं.

"अडतीस अंश बारा मिनिटं," स्नेहल म्हणाली.

गौतमीनं न बघताच कागदावर आकडा लिहिला. "आवाज का असा? भूक लागली व्हय? आईनं थालपीठं दिल्यात. तुजी दोन हायेत."

दार ढकलून परीक्षक आत आले. त्यांनी आपली टॉर्च आधी चकतीवर धरली, मग गौतमीच्या कागदावर.

"हे बेचाळीस आहे. तू बारा लिहिलंस. गाव कोणतं तुझं?"

"भरे, सर."

"अर्धा अंश म्हणजे काय चिमूटभर मीठ वाटलं? पडलं तर पडलं? वर्षभर केलंस काय इथं?"

गौतमीनं स्नेहलकडे पाहिलं. आता ही माझं नाव सांगणार, स्नेहलला वाटलं. तिचं उत्तर तयार होतं: घाईत खूण दिसली नाही, सर. अशी चूक कुणाचीही होते. निम्म्या वर्गाची झाली होती.

"चुकलं, सर," गौतमी म्हणाली.

परीक्षकांनी लाल पेनानं पंधरापैकी सहा लिहिले. "आता दुसरी बसू दे," म्हणत ते बाहेर गेले.

"मी नाव न्हाई घेतलं तुजं," दार लोटल्यावर गौतमी म्हणाली. "दोगींचे कापले असते. एकीला तरी मिळू दे ती जागा. बस. तुजं मी नीट वाचते."

स्नेहल बसली. लोलक फिरवला. पिवळी रेषा सरकत आली, थांबली, माघारी वळू लागली. तिनं स्क्रू आवळला.

"वाच."

गौतमी गुडघ्यांवर बसली. मोबाइलच्या उजेडाला तिनं दुसऱ्या हाताचा आडोसा केला. बोटं आतून लाल दिसू लागली. तिनं आकडा सांगितला, पुन्हा मोजला, पुन्हा तोच सांगितला.

"उजेड येतोय का गं डोळ्यात?"

"येतोय थोडा," स्नेहल म्हणाली.