शेवटची इयत्ता, पहिली

डॉक्टर उल्का सोनटक्के पहिलीत दोनदा नापास झाल्या होत्या. यंदाही राहिल्या, तर हृदयविभागाचं प्रमुखपद हातचं जाणार होतं.

डॉक्टरकीचं सगळं ज्ञान पाचव्या वर्षीच, एका दुपारात त्यांच्या मेंदूत भरलं गेलं होतं. सगळ्यांचंच तसं. आधी विद्यापीठ, मग हायस्कूल आणि चाळिशी उलटली की पहिली.

घोडकेबाईंनी प्रत्येकाला करवंटीभर माती आणि घेवड्याचं एक बी दिलं होतं.

"उल्का, तुझं बी काय करतंय गं?" पहिलीत बाई सगळ्यांनाच अरे-तुरे करत.

"पाणी शोषलं असेल, बाई. आता मूळ फुटेल."

"बघितलंस?"

"बघायचं कशाला? मला माहीत आहे."

"बस खाली."

आठवड्याभरात सगळ्यांच्या करवंटीत कोंब आले. उल्काबाईंची माती तशीच. बी न उगवण्याची सगळी कारणं त्यांना पाठ होती, पण त्यातलं नेमकं कुठलं, ते काही कळेना. मधल्या सुट्टीत वर्ग अंगतपंगत करायला व्हरांड्यात गेला, तरी त्या करवंटीपाशीच घुटमळल्या. शेवटी त्यांनी मातीत बोट घातलं.

बी उलटं पेरलं गेलं होतं. कोंब आधी खाली गेला होता आणि आता वळून वर निघाला होता. या वळण्याचं शास्त्रीय नाव त्यांना ठाऊक होतं. पण ते इतकं पांढरं आणि हट्टी दिसतं, हे कुणी मेंदूत भरलंच नव्हतं.

दारात घोडकेबाई उभ्या होत्या. उल्काबाईंनी मातीचे हात झटकन पाठीमागे लपवले.

"चुकलं, बाई. राहवलंच नाही."

बाई हसल्या. "झालीस पास. आता नीट झाक त्याला."