पहिला पुकारा

लिंबायतमधल्या कापड कारखान्यातल्या लूमच्या खडखडाटाने छगनचे दोन्ही कान गेले, म्हणून त्याने कारखान्यावर भरपाईचा दावा लावला होता. मागच्या तारखेला कोर्टात नाव पुकारलेलं त्याला कळलंच नाही आणि दावा रद्द होता होता वाचला. म्हणून आज त्याची बायको सुषमा सोबत आली होती.

"भाऊ, यांना ऐकू येत नाही. नुसता हात केला तरी चालेल," तिने दारातल्या गुजराती शिपायाला विनवलं.

"बेन, सबके लिए एक ही नियम. तीन बार पुकारेंगे."

नाव हुकेल या धास्तीने सुषमा सकाळपासून पाणी प्यायलाही उठली नाही. छगनचं नाव कानावर पडताच तिने त्याला कोपराने ढोसलं. तो ताडकन उठून पुढे गेला.

"साहेब, पहिल्याच पुकाऱ्याला उठला," कारखान्याचा वकील म्हणाला. "याला तर सगळं ऐकू येतं."

न्यायाधीशांनी छगनकडे पाहिलं. "खरं आहे का?"

मागच्या बाकावरून सुषमा धडपडत उठेपर्यंत छगनने, जन्मभर शेठसमोर डोलावली तशी, अदबीने मान डोलावली.