दुसरी खाच

काट्यावरून महिपतरावांची नजर हटत नव्हती. काटा मात्र जागचा हलत नव्हता.

तिघऱ्याच्या धरणावर पर्यटकांना फिरवणारी बोट काठाला बांधून ठेवली होती. मधल्या फळ्या काढल्या होत्या आणि बोटीच्या पोटातल्या इंजिनावर स्मृती वाकली होती. शहरातल्या नई सडकेवरच्या एका वर्कशॉपमधून तिला बोलावलं होतं. इंजिन थंड ठेवणारं हिरवं कूलंट जिथून भरतात, त्या तोंडावरचं झाकण काढून तिथे तिनं सायकलच्या पंपासारखं, दाब दाखवणाऱ्या काट्याचं एक यंत्र बसवलं होतं. आत दाब भरायचा. कुठे गळत असेल तर काटा खाली येणार.

महिनाभर कूलंट रोज कमी होत होतं. महिपतराव या इंजिनाचे जुने मिस्त्री. त्यांनी रबरी नळ्या बदलल्या, पट्ट्या आवळल्या, पंपाखाली हिरवे थेंब दिसले म्हणून पंपाचं सीलही नवं टाकलं. दुसऱ्या दिवशी थेंब हजर. वरचं एकदा बघा, असं बोट चालवणारा कान्होजी दोनदा म्हणाला होता. वर गंगा आहे, तिथून काय गळणार, असं म्हणून महिपतरावांनी त्याला गप्प केलं होतं.

वर खरोखरच गंगा होती. रोज सकाळी स्नान करून आल्यावर महिपतराव ते झाकण उघडत, पळीभर गंगाजल आत सोडत, हात जोडत आणि झाकण दोन बोटांनी अलगद ठेवून फिरवत. देवाच्या पाण्यावर जोर करायचा नाही, हा त्यांचा नेम. पूर्वी सकाळी उघडताना झाकण फार झुंजायला लावी. हल्ली महिनाभर मात्र हात लावताच उघडत होतं. सेवा रुजू झाली, असं त्यांनी घरीही सांगितलं होतं.

कीर्तन त्यांच्या रक्तातच होतं. गोरखी वाड्यामागच्या देवळात चातुर्मासात एकही कीर्तन त्यांनी चुकवलं नव्हतं. देव एका भक्ताच्या घरी नोकर होऊन बारा वर्षं पाणी भरत राहिला आणि घरात कुणीच त्याला ओळखलं नाही, हे आख्यान बुवांनी लावलं की महिपतरावांचं उपरणं भिजून जाई. गुरुपौर्णिमेला बुवांनी निरूपणात अंतःकरणाची शुद्धी सांगितली. महिपतरावांनी दुसऱ्याच दिवशी शुद्धीला सुरुवात केली, ती कान्होजीपासून. हा माणूस आंघोळीशिवाय कामावर येतो, कानाला विडी खोचतो, आणि फुकट मिळतो तरी कीर्तनाचा प्रसाद घ्यायला येत नाही.

आता तोच कान्होजी काठावरच्या दगडावर बसून इंजिनाकडे बघत होता. त्याला माहीत होतं, महिपतरावांच्या सदऱ्याच्या खिशात बोटीच्या ठेकेदाराच्या नावाचा एक कागद आहे. चालकाच्या बेपर्वाईनं इंजिन तापतं, दुसरा माणूस पाहावा, असं त्यावर लिहिलं होतं. संध्याकाळी ठेकेदार आला की कागद त्याच्या हातात पडणार होता. तो लिहिताना आपल्या मनात राग नव्हता, हे महिपतरावांनी देवासमोर उभं राहून पडताळून घेतलं होतं.

पंधरा मिनिटं झाली. स्मृतीनं काट्यावर नख आपटलं.

"काका, प्रेशर तो पूरा होल्ड कर रहा है. नळ्या, पंप, सगळं ठीक आहे. राहिलं फक्त झाकण. ते कोण लावतं?"

महिपतरावांना हायसं वाटलं. निदान झाकणाबाबत तरी शंकेला जागा नव्हती. ते मीच लावतो, दुसऱ्या कुणाचा हात मी त्याला लागू देत नाही, असं त्यांनी कान्होजीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं.

स्मृतीनं यंत्र काढलं आणि रोज लावता तसंच लावून दाखवा म्हणाली. महिपतरावांनी चपला काढल्या. डोळे मिटले. झाकण दोन बोटांनी ठेवलं, अलगद फिरवलं, हात जोडले.

स्मृतीनं त्यावर तळवा ठेवला, जोर देऊन दाबलं आणि फिरवलं. झाकण चांगलं पाव वेढा आणखी फिरलं आणि खट्‌कन बसलं. याला दोन खाचा असतात, तिनं समजावलं. पहिलीवर ते नुसतं टेकतं, दुसरीवर बंद होतं. पहिलीवर राहिलं तर इंजिन तापताच पाणी वरून बाहेर पडतं, मागच्या बाजूनं ओघळतं आणि पंपाखाली ठिबकतं.

महिपतराव ऐकून घेणाऱ्यांतले नव्हते. त्यांचा आवाज चढला.

"बारा वर्षं मी असंच लावतोय, पोरी. बारा वर्षांत एक थेंब गळला नाही. मग तेव्हा कोण बंद करत होतं?"

स्मृतीनं झाकण पुन्हा उघडलं आणि त्याच्या खाचांवरून बोट फिरवलं. महिपतरावांनी विजयानं मान वर केली आणि त्यांचा हात कागदाच्या खिशाकडे गेला.

दगडावर कान्होजी खाकरला. कानावरची विडी त्यानं काढली आणि पेटवली नाही.

"मीच, रावसाहेब. तुम्ही पाठ फिरवलीत की रोज दाबून द्यायचो. पौर्णिमेनंतर तुम्ही म्हणालात, नहायल्याशिवाय झाकणाला शिवायचं नाही. आपलं नहाणं तर घरी गेल्यावर होतं."