सोया मेणाची मेणबत्ती

प्रशिक्षण देणाऱ्या साहेबानं नागपूरचा मे महिना एसीच्या बाहेर येऊन कधी पाहिलाच नाही! थंडगार हॉलात त्यानं रोशनीच्या बचत गटाला ठणकावलं, "पॅराफिन जुनं झालं. सोया मेणच घ्या."

इतवारी बाजारातलं टणक पॅराफिन सोडून रोशनीनं महागाचं सोया आणलं आणि गटाची पहिलीवहिली ऑर्डर ओतली. जरीपटक्यातल्या टिनाच्या खोलीत दुपारी साऱ्या मेणबत्त्यांनी साष्टांग नमस्कार घातला. संध्याकाळी तर गिऱ्हाईक दारात येणार! रडकुंडीला येऊन तिनं साहेबाला फोन लावला.

"अहो ताई, एसीत ठेवायच्या ना!"



"साहेब, लोकाइले मेणबत्ती लागते लाईट गेल्यावर. तवा तुमचा एसी का मेणबत्तीवर चालवू?"