खोट कुणाच्या घरची

जालिंदरला स्टेंट बसवून घरी आणलं आणि दुसऱ्याच सकाळी त्याची आई तुकाबाई पहिल्या एसटीनं कोळवणहून रिह्याला, आपल्या भावाकडे आली. हातातला पाण्याचा तांब्या तसाच ठेवून तिनं डॉक्टरांचं बोलणं सांगून टाकलं. काही घराण्यांच्या रक्तात जन्मापासूनच एक खोट असते. अंगात जीवनसत्त्वं कमी पडली की तिला जोर चढतो आणि ती रक्तवाहिन्यांना धरते. त्यावर गोळ्या आहेत, पण रक्ताच्या नात्यातल्या सगळ्यांनी आधी तपासून घ्यायला हवं.

"तुझ्या सिद्धनाथला आजच पौडला घेऊन जा, म्हसू. चाळिशीला टेकलाय त्यो."

"माझ्या लेकाला काय धाड भरलीया?" म्हसू हसला. "सकाळधरनं चिखलात राबतोय, दमलाय का बघ! तुझा नवरा असाच गेला, दीर बी गेला. ही खोट तुझ्या सासरची हाय, तुकाक्का. आमच्या दारात नगं आणूस."

तुकाबाईनं पडवीत भाकरी खात बसलेल्या भाच्याकडे बघितलं. परवापरवापर्यंत जालिंदरही असाच धडधाकट होता.

"मी बी जल्मभर सासरलाच बोल लावला, म्हसू," ती म्हणाली. "पन माझी सासू म्हंजी आपल्या बाची सख्खी बहीन व्हती, इसरलास व्हय रं?"