आबांचं नाक

डोळ्यांवर पट्टी बांधायची, हे राजेश्वरी मॅडमनी ऐनवेळी काढलं आणि सखाराम आबा पुरते अडकले.

पट्टी नसती तर त्यांनी वेळ मारून नेली असती. गेले तीन महिने तेच तर चाललं होतं. कामशेतच्या पुढे, पवनेच्या रस्त्याला करवंद-जांभळाच्या वाइनचा हा कारखाना. वाइन पिळून घेतली की मागे चोथा उरतो. पूर्वी तो खड्ड्यात जायचा आणि गावभर घाण सुटायची. आता त्यातच पाणी घालून तो पिंपात आंबवतात, त्याचा शिरका, म्हणजे व्हिनेगर, करतात आणि लोणावळ्याच्या दुकानांत ती बाटली वाइनच्या तोऱ्यात उभी राहते. पिंप तयार झालं की नाही, हे ठरवायचं आबांच्या नाकाने. आबा वाकून वास घेणार, "झालं" म्हणणार आणि पिंपावर खडूने फुली मारणार. नाहीतर मान हलवून "आजून दोन दिस." खुद्द मालकही त्यावर बोलत नसत.

शिमग्याच्या सुमारास ताप आला आणि त्या तापात हे नाक गेलं. चुलीवर दूध करपलं तरी पत्ता लागेना. एकट्या सविताला हे ठाऊक होतं. सविता त्यांची सून, त्यांच्याच शब्दावर कारखान्यात लागलेली. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून आबांनी डोळे कामाला लावले. पिंपाभोवती चिलटं किती घोंगावतात, वर आलेल्या सालींचा रंग कुठवर उतरला, एवढं बघायचे. मग नाक उगाच फुरफुरवून फुली मारायचे. एकही पिंप वाया गेलं नव्हतं. याचा त्यांना आतल्या आत ताठासुद्धा होता.

पण पट्टीआडून चिलटं कुठली दिसायला?

"भिऊ नका आबा," मागे गाठ मारता मारता सविता कुजबुजली. "बांगड्या वाजवते. एकदा वाजल्या की झालं म्हना, दोनदा वाजल्या की दोन दिस."

आबांना रडूच यायचं बाकी राहिलं. सून असावी तर अशी.

पुण्याहून आलेले वीसेक पाहुणे मोबाइल सरसावून उभे होते. मॅडम म्हणजे मालकांची मुलगी. बोलणं मोठं गोड. "हे आमचे सखाराम आबा. आमच्याकडे मशीन नाही, आबांचं नाक आहे," त्या म्हणाल्या आणि पहिलं वाडगं पुढे आलं.

बांगड्या एकदा वाजल्या.

"झालं," आबा म्हणाले. टाळ्या पडल्या.

दुसऱ्या वाडग्याला दोनदा वाजल्या. "आजून दोन दिस." पुन्हा टाळ्या. आबांची छाती जरा फुगली.

तिसरं वाडगं नाकाखाली आलं आणि बांगड्या वाजेनात. आबा थांबले. गर्दीत सविता मागे रेटली गेली असेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी खोल श्वास घेतला, मग आणखी एक. लोकांची पावलं मागे सरल्यासारखी वाटली. कोणीतरी खुदकन हसलं.

"आबा, काय म्हणता?"

आता कच खाऊन चालणार नव्हतं. "झालं," आबा ठणकावून म्हणाले. "आन् लय झ्याक झालंय. औंदा असा शिरका न्हाई निघाला."

हशाचा नुसता स्फोट झाला. आबांनी पट्टी ओढली. वाडग्यात पांढरंफटक फिनेल होतं. पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावले होते आणि रुमालाआडून ते हसत होते. एकाने डोळे पुसत शेजाऱ्याला टाळी दिली. "काय अॅक्टिंग करतात हो आजोबा!"

आबांनी सविताला शोधलं. ती जवळच उभी होती, अगदी दोन हातांवर. एका हाताने दुसऱ्या हातातल्या बांगड्या तिने घट्ट धरल्या होत्या.

पाहुणे शिरका चाखायला आत गेले, तसे आबांनी मॅडमपुढे हात जोडले. "मॅडम, तापानं घात केला. मला काढा, पन सविताला काढू नका. तिचा काय दोष न्हाई."

"तिला कोण काढतंय? तिनेच तर मला सांगितलं, शिमगा झाल्या झाल्या. मागच्या महिन्यात कायम केलं तिला."

आबांचे जोडलेले हात तसेच राहिले. "मग पिंपं?"

"कागदाची पट्टी बुडवली की आंबटपणा कळतो. दोन वर्षं तेच करतोय आम्ही. तुमच्या फुल्या संध्याकाळी पुसून टाकतो."

दोन वर्षं. तेव्हा तर नाक धडधाकट होतं. दोन शेतांपलीकडचं पिकलेलं जांभूळ ओळखणारं नाक होतं ते.

"मग मला कशापायी ठिवलं?"

मॅडमना या प्रश्नाचं खरंच नवल वाटलं. "अहो आबा, शिरका कुठेही मिळतो. लोक तुम्हाला बघायला येतात. आणि आज तर किती हसले! हे फिनेलचं आता दर रविवारी ठेवू." त्यांनी आबांच्या खांद्यावर मायेने हात ठेवला. "आपल्याकडे वाया काहीच जात नाही."

फाटकाशी दुसरी बस लागली होती. माणसं उतरू लागली. आबा जागचे हलले नाहीत. घरी जावं म्हटलं, तर घरातही संध्याकाळी सविताच येणार होती.

सविताने मागून येऊन पुन्हा पट्टी बांधली. गाठ नीट बसली का ते बोटाने चाचपलं आणि ती त्यांच्या कानाशी वाकली.

"आबा, ह्या बारीला वाईच दम धरून सांगा. मगाशी मागची मानसं म्होरं यायच्या आदीच तुमी बोलून गेलात."