मागे नेलेली काठी

पूल खेळताना बाबा काठी मागे नेत, श्वासभर थांबत आणि मगच चेंडूला टोक लावत. तो थांबा फ्लुतुराला कधी जमला नाही, आणि बाबा तर गेले. शेवटी प्रशिक्षक इलिरने तिच्या काठीला सेन्सर लावून दिला. फटक्याची रेघ फोनवर उमटायची.

श्कोदर शहरातल्या क्लबात त्या दुपारी दोघंच होते. तिने फटका मारला.

"आला की गं थांबा," भिंतीपाशी उभा इलिर फोन बघत हसला. "शोभतेस बाबांची लेक."

तिने काठी फिरवून पाहिली. "इलिरदादा, सेन्सर कुठंय?"

गेलेल्या खेळाडूची काठी क्लबात वर्षभर कोपऱ्यातल्या मांडणीतच ठेवायची रीत होती. दोन्ही काठ्या एकाच सुताराच्या, जुळ्या बहिणींसारख्या. लावताना इलिरची गल्लत झाली होती; सेन्सर मांडणीतल्या बाबांच्या काठीला होता.

इलिरने एकदा मांडणीकडे, एकदा फोनकडे पाहिलं. मग म्हणाला, "बिघडलंय यंत्र. बंद करतो."

"राहू दे ना रे."

ती टेबलावर वाकली, पण काठी हलवली नाही. फोनवरची रेघ हळूच मागे सरकली, थांबली आणि पुढे येईचना.

इलिर समोर, भिंतीपाशीच होता. लहानपणी बाबा धरायचे तसं कुणीतरी मागून फ्लुतुराचं कोपर हलकेच धरलं.